घडलेली घटना आणि लिहिलेली घटना

मराठीत ‘घटना’ या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. जे घडले ती घटना, आणि ज्या नियमांनी राज्य चालते तीही घटना. संदर्भावरून अर्थ कळतो, त्यामुळे व्यवहारात कुठे अडत नाही. महाराष्ट्राच्या राज्यकारभाराविषयी मराठीत गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले आणि बोलले गेले ते तपासू लागले, की पहिल्या अर्थाने दुसऱ्याला जवळजवळ गिळून टाकल्याचे दिसते. काय घडले, कुणी कुणाला फसवले, कोण रुसले आणि कोण परतले हे आपल्याला तारीखवार आठवते. ते घडताना कोणते पद, कोणते कलम, कोणता नियम वापरला गेला, मोडला गेला किंवा गुंडाळून ठेवला गेला, हे फारसे कुणाला आठवत नाही. ही आठवण अशी एकांगी का झाली आणि तिची किंमत कोण मोजते, याचा शोध घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बखरीचे वळण

मराठी गद्यात राज्यकारभाराची गोष्ट सांगण्याची पहिली मोठी रीत बखरीची. बखरकाराला माणसे दिसतात. कुणाचा मान राखला गेला नाही, कुणी कुणाचा सल्ला धुडकावला, कुणाच्या मनात किल्मिष आले, यांतून तो राज्ये उभी करतो आणि बुडवतो. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना पानिपतचा पराभव स्वभावांच्या टकरीतून घडत गेल्यासारखा वाटतो. रसद, अंतर, पैसा या गोष्टी मागे राहतात. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढताना राजवाड्यांनी प्रस्तावनेत बखरींची झाडाझडती घेतली ती यासाठीच. अस्सल पत्र एक सांगते आणि बखर दुसरे, तेव्हा पत्रावर विसंबावे, हा धडा मराठी इतिहासलेखनाने त्यानंतर गिरवला.

राजकीय लेखनाने मात्र तो गिरवला नाही. आपला शब्दसंग्रहच पाहा. मुख्यमंत्रिपद म्हणजे ‘गादी’, ‘खुर्ची’, फार तर ‘सिंहासन’. पक्ष बदलणारा ‘फितूर’ किंवा ‘गद्दार’. सरकारचा जिल्हा म्हणजे ‘गड’, मतदारसंघ म्हणजे ‘बालेकिल्ला’, प्रचारप्रमुख म्हणजे ‘सेनापती’. विधिमंडळाने घडवलेले शब्दही आहेत: प्रतोद, विश्वासदर्शक ठराव, लक्षवेधी सूचना, स्थगन प्रस्ताव. परंतु ते कामकाजाच्या छापील वृत्तांतात राहिले. बोलण्यात उतरले ते किल्ल्यांचे आणि दरबाराचे शब्द. इमारतींच्या नावांतही हे दिसते. मुंबईतले ‘सचिवालय’ १९७५ मध्ये शंकरराव चव्हाणांच्या काळात ‘मंत्रालय’ झाले. लोकनियुक्त मंत्री सचिवांच्या वर असतात हे सांगणारा तो बदल योग्यच होता. पण राज्यकारभाराचे घर मंत्र्यांचे, ही समजूतही त्याने पक्की केली. ज्या सभागृहाला मंत्री उत्तरदायी असतात ते विधान भवन लोकांच्या मनात अधिवेशनापुरते उरले.

साहित्यातही तेच. अरुण साधूंची ‘सिंहासन’ १९७७ मध्ये आली. ती आणि ‘मुंबई दिनांक’ मिळून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि १९७९ मध्ये जब्बार पटेलांचा चित्रपट आला. मुख्यमंत्री, त्यांचे महत्त्वाकांक्षी सहकारी, कामगार पुढारी, तस्करी आणि हे सगळे पाहणारा पत्रकार, असा तो पट आहे. राजकीय कादंबरी म्हणून साधूंचे यश मोठे आहे आणि मुंबईतील सत्ता व पैसा यांचे नाते इतक्या स्पष्टपणे त्याआधी क्वचितच कुणी मांडले असेल. प्रश्न त्यानंतरचा आहे. ‘सिंहासन’ हा एक नमुना होता. आपण तो साचा करून टाकला. मंत्रिमंडळाचा प्रत्येक पेच कोण कुणाची खुर्ची ओढतो एवढ्याच चौकटीत पाहायचा, ही सवय वृत्तपत्रांना, मालिकांना आणि वाचकांनाही लागली.

आत्मचरित्रांकडून अपेक्षा करावी तर तिथेही निराशा होते. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे उत्तम गद्यलेखक. त्यांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९४६ मध्ये ते संसदीय चिटणीस होण्यासाठी मुंबईकडे निघतात तिथे संपते. पुढचे खंड त्यांच्या मनात होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाल्याने ते लिहून झाले नाहीत. परिणामी राज्य घडवणाऱ्या या माणसाचे सर्वांत सुंदर गद्य विधिमंडळाच्या उंबरठ्यावर थांबते. आत काय शिकायला मिळाले, बहुमत असतानाही सभागृहाला विचारून पाऊल कसे टाकायचे, हे त्यांच्या शब्दांत वाचायला मिळाले असते तर आपली राजकीय भाषा थोडी वेगळी झाली असती असे वाटते.

खंजीर लक्षात राहिला, उद्घोषणा विसरली

या सवयीचा सर्वांत बोलका पुरावा १९७८ ते १९८० या दोन वर्षांत सापडतो.

१९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी ९९ जागा मिळवून जनता पक्ष सर्वांत मोठा ठरला. काँग्रेसच्या दोन्ही गटांनी, म्हणजे ६९ जागांच्या रेड्डी काँग्रेसने आणि ६२ जागांच्या इंदिरा काँग्रेसने, एकत्र येऊन मार्चमध्ये सरकार बनवले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री हे पद राज्यात पहिल्यांदा आले ते इथे. राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही. जुलैमध्ये शरद पवार आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले, सरकार अल्पमतात गेले, वसंतदादांनी राजीनामा दिला आणि १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे ‘पुलोद’चे सरकार आले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणाला चिकटला आहे. तेव्हा जन्मलेही नव्हते अशांच्या तोंडीही तो आहे.

आता या प्रसंगाकडे लिहिलेल्या घटनेच्या बाजूने पाहू. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता. दहावी अनुसूची १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने आली. आमदारांनी पाठिंबा काढणे, मुख्यमंत्र्यांनी बहुमत गेल्याचे ओळखून राजीनामा देणे आणि ज्याच्यामागे बहुमत आहे त्याला पाचारण होणे, हा संसदीय पद्धतीचा सरळ क्रम आहे. विश्वासघात झाला की नाही हा दोन माणसांमधल्या नीतीचा प्रश्न आहे आणि त्यावर वाद जरूर घालावा. घटनेचा भंग मात्र त्यात नव्हता.

तो प्रश्न दीड वर्षाने उभा राहिला. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतल्या आणि १७ फेब्रुवारी १९८० रोजी कलम ३५६ वापरून एकाच दिवशी नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्यात आल्या. त्यांत महाराष्ट्र होता. पुलोद सरकारने सभागृहात बहुमत गमावल्याचे सिद्ध झालेले नव्हते. लोकसभेचा कौल विरोधात गेला, म्हणजे राज्यातल्या सरकारावरचा विश्वासही गेला, असा युक्तिवाद होता. तो इंदिरा गांधींनी शोधलेला नव्हता. १९७७ मध्ये जनता सरकारने काँग्रेसची नऊ राज्य सरकारे याच युक्तिवादाने घालवली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा हस्तक्षेप करण्यास नकार दिला होता. पुलोदमधला मोठा घटक जनता पक्षच होता. म्हणजे १९७७ मध्ये ज्या हत्यारावर टाळ्या पडल्या, तेच १९८० मध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांवर चालले.

एका निवडून आलेल्या राज्य सरकारला केंद्राने एका उद्घोषणेने घरी पाठवले, ही गोष्ट खंजिरापेक्षा लहान नाही. मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी असे सांगितले आणि लोकसभेच्या निकालावरून राज्य सरकार हटवण्याची वाट बंद केली. त्या निकालानंतर १७ फेब्रुवारी १९८० हा दिवस महाराष्ट्राच्या राजकीय स्मृतीत ठळक व्हायला हवा होता. त्यावर एखादी म्हण नाही, नाटक नाही, कादंबरीतले प्रकरण नाही. उद्घोषणेला चेहरा नसतो आणि बखरीला चेहरा लागतो.

राज्यपालांचा जुना प्रश्न

या विस्मरणाचे नवल अधिक वाटते ते याच मुंबईचा इतिहास आठवल्यावर. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली, तरी मंत्रिमंडळ बनवायला तयार होईना. गव्हर्नर आपले विशेषाधिकार वापरून मंत्र्यांच्या रोजच्या कामात ढवळाढवळ करणार नाही, याची हमी आधी द्या, अशी तिची अट होती. ती मिळेना, तेव्हा एप्रिलमध्ये सर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ बसवण्यात आले. जूनमध्ये व्हाइसरॉयने काहीसा सलोख्याचा खुलासा केला आणि जुलैमध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले. गव्हर्नरच्या अधिकाराची मर्यादा काय, या एका प्रश्नासाठी सर्वांत मोठ्या पक्षाने साडेतीन महिने सत्ता दूर ठेवली होती. ‘खुर्ची’ या शब्दाने हा प्रसंग सांगताच येत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो कुणी सांगत नाही. १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर त्याच कायद्याच्या ९३ व्या कलमाने गव्हर्नरचा थेट कारभार सुरू झाला. आजच्या ३५६ व्या कलमाचे मूळ तिथे आहे.

संविधान सभेपुढे हा अनुभव ताजा होता. राज्यपाल लोकांनी थेट निवडावा, अशी आरंभीची शिफारस होती. मे १९४९ च्या अखेरच्या चर्चेत ती बदलली आणि राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमावा असे ठरले. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री यांच्यात दोन सत्ताकेंद्रे उभी राहतील, ही भीती त्यामागे होती. नेमलेला राज्यपाल नामधारी राहील असा विश्वास होता. त्याला स्वतःहून करायची कामे जवळजवळ नाहीत, असा डॉ. आंबेडकरांच्या मांडणीचा रोख होता. हरि विष्णू कामथ यांच्यासारख्या सभासदांनी राज्यपालाच्या स्वेच्छाधिकाराच्या तरतुदीवर आक्षेप घेतले, ते मान्य झाले नाहीत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना घटनात्मक नीती आपल्या मातीत उपजत नाही, ती रुजवावी लागेल असा इशारा दिला होता. शब्दांत न मावणारे सगळे त्या नीतीवर सोपवले होते. ती रुजली की नाही हे पाहण्याचे काम पुढच्या पिढ्यांच्या लेखकांचेही होते.

पहाट कशाची?

२०१९ चा नोव्हेंबर घ्या. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि २३ तारखेला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. ‘पहाटेचा शपथविधी’ हे नाव त्या प्रसंगाला कायमचे मिळाले. गंमत अशी की शपथविधी झाला तो सकाळी आठच्या सुमारास. पहाटे, ५ वाजून ४७ मिनिटांनी, निघाली ती राष्ट्रपती राजवट उठवण्याची अधिसूचना. राजवट उठवायला एरवी केंद्रीय मंत्रिमंडळाची संमती लागते. ती बैठक न घेता केंद्राच्या कामकाज नियमावलीतील १२ व्या नियमाखाली पंतप्रधानांचा विशेष अधिकार वापरण्यात आला आणि मंत्रिमंडळाची मान्यता मागाहून घेण्यात आली.

पहाट होती ती या कागदाची. लोकांच्या आठवणीने ती उचलून शपथेच्या व्यासपीठावर नेऊन ठेवली, कारण तिथे माणसे होती. अपवादासाठी ठेवलेला नियम कोणत्या निकडीत वापरावा, हा प्रश्न त्यामुळे बाजूला पडला आणि काका-पुतण्यांचे नाते हा राज्याचा विषय झाला. २६ नोव्हेंबरला, योगायोगाने संविधानदिनी, सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणात बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला आणि त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. बोम्मईचे तत्त्व इथे काही तासांत कामाला आले. त्याचे श्रेय आपल्या गोष्टीत कुणालाच मिळाले नाही. रात्रभर चाललेल्या मनधरणीला मिळाले.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हाही हेच झाले. एका बाजूला ‘गद्दार’ आणि ‘खोके’, दुसऱ्या बाजूला ‘खरा वारस कोण’; मधे झाडी, डोंगर आणि हॉटेल. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली त्याला पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता. नव्या अध्यक्षांनी शिंदे गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा होती, कारण प्रतोद नेमतो तो राजकीय पक्ष, विधिमंडळ पक्ष नव्हे. परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार परत आणता येत नाही. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला गेला आणि १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी कुणालाच अपात्र ठरवले नाही.

त्या दिवशी दोन्ही गटांनी निकाल आपल्या बाजूने लागल्याचे सांगितले. दोघांनाही ते सांगता आले, कारण ऐकणारा श्रोता विचारत होता तो एकच प्रश्न: जिंकले कोण? घटनेच्या दोन पदांनी चूक केली असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, हा मजकूर त्या प्रश्नाच्या उत्तरात बसत नव्हता.

अध्यक्षांकडे हा निवाडा असावा का, हाही जुनाच वाद आहे. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तो अधिकार टिकला. ज्या माणसाचे पद बहुमताच्या मर्जीवर अवलंबून आहे त्याच्याकडून त्याच बहुमताविषयी निःपक्ष निवाडा कसा मिळेल, अशी शंका दोन न्यायमूर्तींनी घेतली होती. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत या शंकेला भरपूर दाखले पुरवले आहेत. त्यावर मराठीत एखादी दीर्घ कथाही लिहिली गेल्याचे ऐकिवात नाही.

ज्यांना गोष्टच नाही

बखरीच्या चष्म्यातून चुकीचे दिसते, हे एक. काही गोष्टी तर मुळीच दिसत नाहीत, हे अधिक गंभीर आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये विधानसभेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. पद रिकामे झाले की शक्य तितक्या लवकर नवा अध्यक्ष निवडावा, असे कलम १७८ सांगते. महाविकास आघाडीने वर्षभर निवडणूक रेटली नाही. डिसेंबरमध्ये गुप्त मतदानाची पद्धत बदलून घेतली. मग तारीख ठरवण्यावर राज्यपालांनी हरकती काढल्या. सतरा महिने उपाध्यक्षांवर काम चालले. सरकार बदलताच, जुलै २०२२ च्या ३ तारखेला, अध्यक्ष निवडला गेला. इथे दोन्ही बाजू दोषी होत्या, म्हणून दोघांपैकी कुणालाही ही गोष्ट सांगण्यात रस नव्हता.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे घटना सांगते. आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादांत ती लांबली आणि देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिली. आपल्या वॉर्डात नळाला पाणी का येत नाही हे विचारायला नगरसेवक नाही, अशी लाखो माणसे होती. यात खंजीर नव्हता, पहाट नव्हती, हॉटेलही नव्हते.

तिसरे उदाहरण साहित्याच्या वाचकांच्या अगदी अंगणातले. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपालनियुक्त असतात आणि कलम १७१ त्यांच्यासाठी जी क्षेत्रे सांगते त्यांत पहिले नाव साहित्याचे आहे. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी याच वाटेने त्या सभागृहात गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने बारा नावे पाठवली. राज्यपालांनी ती स्वीकारली नाहीत आणि परतही पाठवली नाहीत. वाजवी मुदतीत निर्णय व्हायला हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले, तरी फाइल हलली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादीच मागे घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, सात नावे नेमली गेली. चार वर्षांहून अधिक काळ त्या जागा रिकाम्या होत्या. यादीत साहित्यिक किती आणि सोय लावलेले कार्यकर्ते किती, हा प्रश्न कोणत्याही सरकारला विचारता येईल. पण साहित्यासाठी घटनेने राखलेली जागा रिकामी राहते, याची खंत साहित्यव्यवहारात किती उमटली?

आक्षेप आणि उत्तर

साहित्य माणसांविषयीच असणार, कलमांची कादंबरी होत नाही, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण पद सांभाळणारी व्यक्तीही माणूसच असते. सही करावी की न करावी या विचारात असलेला राज्यपाल, आपल्याच पक्षाच्या आमदारांविरुद्ध निवाडा द्यावा लागणारा अध्यक्ष, नियमाला बगल देणारी टिपणी तयार करायला सांगितलेला उपसचिव, यांच्या मनात जे चालते ते दरबारी कारस्थानापेक्षा कमी नाट्यमय नाही. मानापमानाच्या जागी कर्तव्य आणि मोह यांचा झगडा येईल इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संविधानाला हृदयाशी धरणारा मोठा समाज महाराष्ट्रात आहे. आंबेडकरी जलसे आणि शाहिरी यांनी ते गावोगाव नेले. हातात ग्रंथ घेतलेला पुतळा चौकाचौकांत उभा आहे. ही परंपरा नसती तर या लेखाला आधारच नसता. पण तिने मुख्यतः हक्कांचे संविधान गायले, कारण ज्यांना माणूसपण नाकारले गेले त्यांची निकड तीच होती. सरकार कसे बनते, कसे जाते आणि कोण कुणाला जाब देते, हा भाग सुखवस्तू, शिकलेल्या मराठी वर्गाने उचलायला हवा होता. तो वर्ग ‘खुर्ची’च्या गप्पांत रमला.

या गप्पांचा तोटा केवळ अभिरुचीचा नाही. ‘गद्दार’ हा शब्द माणसाची निष्ठा मोजतो आणि निष्ठा कुणाशी, हे ज्याच्या त्याच्या छावणीवर ठरते. म्हणून १९७८, २०१९ आणि २०२२ यांविषयी प्रत्येक घराचे वेगळे सत्य आहे. मोडलेला नियम तसा नसतो. लाभ कुणाला झाला यावर त्याचे मोडणे अवलंबून नाही. आज आपल्या सोयीसाठी मोडला तर उद्या तो समोरच्यालाही मोडता येतो, हे १९७७ आणि १९८० ने दाखवले. एवढे तरी सगळ्या छावण्यांना मिळून कबूल करता येईल, अशी जमीन फक्त लिहिलेली घटना देते.

राजवाड्यांनी बखरी फेकून दिल्या नाहीत. त्यांच्याशेजारी पत्रे ठेवली आणि वाचकाला ताडून पाहायला शिकवले. आजची अस्सल पत्रे त्यांच्या काळासारखी वाड्यांच्या माळ्यावर पडलेली नाहीत. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत, राजपत्रातील अधिसूचना, न्यायालयांचे निकाल हे सगळे छापलेले आहे, त्यातले पुष्कळ मराठीत आहे. पुढच्या वेळी एखादे सरकार पडेल तेव्हा कोण कुणाच्या घरी गेले हे आपल्याला कळेलच. त्या दिवशीचा आदेश कोणत्या कलमाखाली निघाला, त्यावर सही कुणाची होती आणि सभागृह तेव्हा बसले होते का, एवढे तीन तपशील त्या बातमीशेजारी टिपून ठेवण्याची सवय मराठी वाचकाला आणि लेखकाला लागली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.